ताई, तुझ्या आठबोट्याची सहा बोटं

शनिवार, तुझ्या तेराव्यानंतरचा चौथा दिवस, सकाळी साडेअकरा. येणं: सहा बोटं. हजर: तुझ्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख, त्यांच्या हाताखालचे चार प्राध्यापक, एक शिपाई, माझी मुलगी दीक्षा आणि मी. एकूण आठ माणसं. हार घातलेला तुझा फोटो धरला तर नऊ.

तुझा जन्म, शिक्षण, नोकरी हे मी इथे लिहीत नाही. ते साहेबांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, प्रयोगशाळेतल्या तुझ्या शोकसभेत सांगितलं. बारा मिनिटं बोलले. मी बोटांच्या पेरांवर त्यांच्या चुका मोजत होतो. तुझं नाव कुसुम, ते कमल म्हणाले. तीनदा म्हणाले, पण मी ती एकच चूक धरली, कारण मी ट्रकच्या वजनकाट्यावर बसतो आणि कोणाचं वजन वाढवून लिहीत नाही. गाव काल्हेर, ते शेलार म्हणाले. प्रयोगशाळेत तुझी चौतीस वर्षं झाली, ते तीस म्हणाले. तू बारावी सायन्स झालेली, ते ‘अशिक्षित असूनही’ म्हणाले. चार झाल्या. चारही सोडल्या. मी पाचव्या चुकीसाठी आलो होतो आणि ती ते करणार याची मला खात्री होती. असा माणूस आपला आवडता विनोद सोडत नाही.

“मावशींचा एक किस्सा सांगतो,” ते म्हणाले. “एकदा त्यांनी आपल्या त्या प्राचीन चतुष्पादाला हाताला आठ-आठ बोटं लावली. मी म्हटलं, मावशी, तुमचं एक बोट कमी आहे म्हणून याला जादा दिलीत काय? मग मीच ती दुरुस्त केली. पण भाव किती निर्मळ!”

दोन प्राध्यापक हसले. शिपाई हसला नाही. मी खिशातल्या हिंगाच्या डबीवर हात ठेवला.

पुढचं सांगण्याआधी मागचं सांगावं लागेल. तुला सगळं ठाऊक आहे, पण हे वाचणाऱ्याला नाही. आणि त्यातला एक भाग तुझ्या भाचीलाही ठाऊक नव्हता.

आपल्या घरापासून खाडी चारशे पावलांवर होती. आज तिथे गोदामाची भिंत आहे. ओहोटीला आई आपल्याला घेऊन चिखलात उतरायची. निवट्यांना, चिखलात बिळं करणाऱ्या त्या माशांना, जाळं लागत नाही, हात लागतो. बिळाचं एक तोंड टाचेने दाबायचं आणि दुसऱ्यात कोपरापर्यंत हात घालायचा. तू पकडायचीस, मी मोजायचो. तुझ्या हाताला ते चावायचे, माझ्या हाती फक्त आकडा असायचा. एकदा तू एक निवटा तळहातावर उलटा धरलास आणि आईला विचारलंस, “आये, याला पाय न्हाय, मंग हा चिखलावर चालतो कशाव?”

“भुकंव,” आई म्हणाली. “आपल्यासारकाच.”

मी हसलो. तू हसली नाहीस. तुझा प्रश्न होता आणि त्याला उत्तर मिळालं नव्हतं. उत्तर शोधायला तुला पंचवीस-तीस वर्षं लागली.

बारावीनंतर बाबांनी तुझं शिक्षण थांबवलं. तू नारपोलीला लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला गेलीस आणि दुसऱ्या वर्षी डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट यंत्राच्या पट्ट्यात गेलं. मग कॉलेजात चिकटलीस. तुझं काम ट्रे धुवायचं, बरण्यांतलं औषध बदलायचं, मुलांच्या पुढ्यात बेडूक ठेवायचं आणि उरलेलं उचलायचं. सांगाडे जोडायचं काम तुझं नव्हतं. पण एका सुट्टीत घोरपडीचा सांगाडा कपाटावरून पडला. साहेब म्हणाले, “फेकून द्या.” तू तो पदरात बांधून घरी आणलास आणि आमच्या जेवायच्या पाटावर तीन आठवड्यांत जोडलास. तेव्हापासून आमच्या घरात रविवारचं जेवण कधी सरळ झालं नाही.

तुला आठवतं ना? जिताड्याचं डोकं ताटात आलं की तू आधी ते ओढून घ्यायचीस. “बग,” म्हणायचीस, “डोकं कापलं तरी खांदा संगती आला. माशाचा खांदा डोक्यालाच जोडलेला. म्हनून त्याला मान न्हाय. मागं बगाचं तर अख्खा वलतो.” मग कोंबडीचा पंख, मग बोकडाचा पाय. “एक हाड. त्याच्याखाली दोन. मंग बारीक हाडांचा ढीग. मंग बोटं. कोंबडी घे, बोकड घे, बेडूक घे, तुजा हात घे. एक, दोन, ढीग, बोटं.” माझी बायको म्हणायची, “ताई, पोरीला जेवू द्या.” पण दीक्षा हाड चोखून बाजूला ठेवायची आणि मोजायची. आकड्यांचा नाद तिला माझा, हाडांचा तुझा.

काट्यावर मीही ऐकीव ज्ञान पाजळायचो. एकदा एका ट्रक ड्रायव्हरला मी सांगितलं, “देखो, ये निवटा मछली है ना, कीचड़ पे चलती है, यही अपना बाप-दादा है.” तो म्हणाला, “तो भाईसाब, आप लोग अपने दादा को तलके खाते हो?”

मी हे घरी सांगितलं. तुला इतकं हसू आलं की तू भिंतीला टेकलीस. मग डोळे पुसून म्हणालीस, “ड्रायवर तुज्यापेक्षा हुशार हाय. निवटा आपला आजा न्हाय. लांबचा भाऊबंद हाय. त्याच्या परात ते एक हाड, दोन हाडं न्हायच. तो आपल्या वाटंनं आलाच न्हाय. तो त्याच्या वाटंनं वर आला.”

“मग आपला आजा कुठंय?”

“दगडात. ग्रीनलंडच्या दगडात.”

तिथेच पहिल्यांदा तू त्याचं नाव घेतलंस. अकॅन्थोस्टेगा. लायब्ररीतलं इंग्रजी पुस्तक तू शब्दकोश घेऊन वाचत होतीस, अडलं की दीक्षाला विचारत होतीस. साधारण छत्तीस कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी, लांबी दोन हात. त्याला कल्ले होते, शेपटीला परासारखी झालर होती, थोडीशी मान होती. हात होते, आणि प्रत्येक हाताला आठ बोटं. तू त्याचं नाव आठबोट्या ठेवलंस. त्याच्या काळातल्या दुसऱ्या एकाला पायाला सात, आणखी एकाला सहा. “पाच हा आकडा आदीपासून ठरलेला नव्हता,” तू म्हणालीस. “पुडं ठरला.” मला ते फार आवडलं होतं. मी ते काट्याच्या केबिनमध्ये कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं.

एका गोष्टीवर आपलं कधी पटलं नाही. मी म्हणायचो, पाय आले ते जमिनीवर जायला आले. नाहीतर पाण्यात पायाचं काम काय? तू म्हणायचीस, न्हाय. पाय पाण्यात असतानाच आले. त्या मनगटांवर अंगाचं वजन पेलणारच नव्हतं. तळाला झाडपाला, उथळ पाणी, त्यात रेटा द्यायला पाय. जमीन मागाहून आली. मी म्हणायचो, जिथे होडी लागत नाही तिथे कोणी धक्का बांधत नाही. तू म्हणायचीस, “तू मानसाचं सांगतंस. त्या जित्राबाला कुटं ठाव होतं, पुडं काय हाय?” हा वाद आपण निदान वीस वेळा घातला असेल. तो अर्धा राहिला. आता मी एकटाच दोन्ही बाजूंनी घालतो आणि गेल्या पंधरवड्यात तूच जिंकतेस. पाय तुला कधीचे होते ताई. जमीन कोणी दिली नाही.

आठबोट्या तू आठ वर्षांपूर्वी करायला घेतलास. खरे दगड आपल्याला कुठून मिळणार? पुस्तकातल्या आकृत्या आणि मापं घेतलीस. तांब्याची तार वाकवलीस आणि तिच्यावर नळाची गळती बंद करायला प्लंबर वापरतात ती पुटी चढवून एकेक हाड घडवलंस. पुटीचे दोन गोळे असतात, एक काळा आणि एक पांढरा. दोन्ही मळून एकच राखाडी रंग झाला पाहिजे. पांढऱ्याची एक रेघ जरी राहिली तरी धरत नाही. तू नऊ बोटांनी ते मळायचीस, कॉलेज सुटल्यावर, स्वतःची पुटी, स्वतःचा वेळ. डोकं झालं, मान झाली, खांदे झाले, दोन हात झाले. सोळा बोटं झाली. मी ती मोजली होती. कंबर, मागचे पाय आणि शेपटी व्हायची होती. तपासणी समिती येणार म्हणून साहेबांनी अर्धाच सांगाडा काचेच्या कपाटात ठेवायला सांगितला. ठेवताना त्यांनी पहिल्यांदा तो जवळून पाहिला.

“हे काय? आठ? मावशी, चतुष्पादाला पाच बोटं. मी मुलांना पाच शिकवतो.”

तू पुस्तक पुढे केलंस. त्यांनी घेतलं नाही. मग तो कमी-जादा बोटांचा विनोद त्यांनी पहिल्यांदा केला. समोर अकरा मुलं होती. दीक्षा याच विभागात शिकत होती, पण त्यांत नव्हती. “उद्या सकाळपर्यंत पाच करा,” ते म्हणाले. “नाहीतर मी करतो. तुम्ही ट्रे धुवा, बोटांचं मी बघतो.”

आता माझा भाग.

त्या संध्याकाळी तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणालीस, “मना उद्या सकाली टेम्पो पायजे. मी आठबोट्या घरी आनते. त्याचा हात लागाच्या आदी.”

मी जेवत होतो. दीक्षाची शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा नऊ दिवसांवर होती आणि परीक्षक तेच होते. मी म्हणालो, “ताई, कशाला वाकड्यात शिरतेस? पाच तर पाच. तीन बोटांनी काय बिघडतं? तुझं काय जातं?”

तू म्हणालीस, “तू कोनाचं चालीस किलो खोटं लिवत न्हायस. मालक बोल्ला तरी लिवत न्हायस. नि मना बोटं मोडाला सांगतंस?”

टेम्पो होता. दारात उभा होता, किल्ली खिळ्याला होती. मी टेम्पो दिला नाही. मी जेवत राहिलो. तीन भाकऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पक्कड मागवली आणि प्रत्येक हाताची कडेची तीन बोटं मोडली. तू तिथेच उभी होतीस. सहा तुकडे फरशीवर पडले, ते तू केरसुणीने नाही, हाताने उचललेस. समितीने कपाटाचं कौतुक केलं. खाली पट्टी लागली: ‘पाच बोटांचा आदिम चतुष्पाद’, आणि मार्गदर्शक म्हणून साहेबांचं नाव. मागचे पाय तू कधीच केले नाहीस. कोणी विचारलं की म्हणायचीस, “पुटी संपली.”

त्या वर्षीच्या भाऊबीजेला तू नेहमीसारखं ओवाळलंस. मी ताटात साडी ठेवली. तू म्हणालीस, “थांब, या वर्षी मना पन द्याचं हाय.” कनवटीतून एक राखाडी तुकडा काढून तू माझ्या तळहातावर ठेवलास आणि माझी मूठ मिटलीस. “पाच त्याची. ह्ये तुजं. ठेव.”

मग तू दीक्षाला लाडू वाढायला गेलीस. त्यानंतर या विषयावर तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. हाडांवर बोललीस, निवट्यांवर बोललीस, माझ्या गुडघ्यांवर बोललीस, यावर नाही. तू मला रागवायला हवं होतंस. रागाचं माप तरी कळलं असतं. ते बोट मी सात वर्षं काट्याच्या केबिनमध्ये, ड्रॉवरमध्ये शिक्क्याखाली ठेवलं. रोज किमान साठ गाड्यांच्या पावत्यांवर शिक्का मारतो. म्हणजे रोज किमान साठ वेळा ते बघायचो.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. पाऊण तास गेला. माणसं म्हणाली, हिची काही इच्छा राहिली. मी मनातल्या मनात तुला वचन दिलं की बोटं परत लावून घेतो, साहेबांच्याच हातांनी. कावळा तरीही आला नाही. शेवटी दर्भाचा करावा लागला. माझ्या वचनावर तुझा विश्वास नव्हता, हे मी समजलो. का नसावा, तेही समजलो.

मग तुझ्या ट्रंकेत दीक्षाला हिंगाची डबी सापडली. तिने आतले राखाडी तुकडे ओळीने मांडले, पुस्तकातली आकृती काढली, कॉलेजात जाऊन कपाटातले हात पाहून आली आणि मला म्हणाली, “पप्पा, ही आत्याने चुकून पाच केलेली नाहीत. कोणीतरी मोडलीत. सहा हवीत, पाचच आहेत. एक हरवलंय.”

मोडण्याची गोष्ट मी तिला सांगितली. सहाव्याची नाही सांगितली. म्हणालो, “बघू.” दीक्षा आज कल्याणला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. वर्गात पहिल्या दिवशी तुझंच सांगते, एक, दोन, ढीग, बोटं.

तर शोकसभा. हसणं थांबल्यावर मी उभा राहिलो. डबी टेबलावर तुझ्या फोटोपुढे ठेवली आणि उघडली. हिंगाचा वास सगळ्यांपर्यंत गेला.

“साहेब, ही ती बोटं. तुम्ही दुरुस्त केलेली.”

“अहो, तुम्ही भाऊ ना त्यांचे? ही वेळ आहे का?”

“किस्सा तुम्ही काढलात. मी पुरा करतो. त्या प्राण्याला बोटं किती?”

ते म्हणाले, “हे बघा, मतमतांतरं असतात.”

“आकडा सांगा.”

एक तरुण मॅडम होत्या, मघाशी हसलेल्यांपैकीच. त्या उठल्या, विभागाच्या कपाटातून अभ्यासक्रमाला लावलेलं पुस्तक काढलं, पान शोधलं आणि हळू आवाजात वाचलं. आठ. मी म्हणालो, “मोठ्याने.” त्यांनी मोठ्याने वाचलं. ताई, मी खोटं लिहीत नाही, मला फार बरं वाटलं. साहेबांच्या मानेवर घाम आला तो मी पाहिला आणि तो वाळू नये असं मला वाटलं.

“तेव्हाच्या पुस्तकांत पाच होती,” ते म्हणाले.

दीक्षाने पिशवीतून लायब्ररीचं जुनं पुस्तक काढलं. आतल्या खिशात कार्ड होतं. तुझ्या नावावर अकरा वेळा नेलेलं. ‘कुसुम’, अकरा वेळा, तुझ्या अक्षरात. “सर,” ती म्हणाली, “हे तेव्हाचं. हे आत्याने तुमच्यापुढे धरलं होतं. आणि तिचं नाव कमल नाही.”

मी पुटीचे दोन गोळे काढून त्यांच्यापुढे ठेवले. एक काळा, एक पांढरा.

“मळा,” मी म्हणालो.

“मी?”

“मोडताना शिपायाला सांगितलं नव्हतंत. स्वतः मोडलीत. आता स्वतः लावा. ती आठ तासांची ड्युटी करून हे करत होती. तुम्हाला अर्धा तास पुरे.”

ते इकडेतिकडे पाहू लागले. कोणीतरी मध्ये पडेल असं त्यांना वाटलं असावं. कोणी पडलं नाही. शिपाई गेला आणि न सांगता काचेच्या कपाटाचं कुलूप काढून आला. दुपारी तुझा डबा रोज त्याच्या डब्याशेजारी असायचा, हे मला त्याने नंतर सांगितलं.

त्यांनी बाह्या वर केल्या आणि मळायला लागले. दोन मिनिटांनी म्हणाले, “झालं.” मी वाकून पाहिलं. पांढरी रेघ होती. “रेघ आहे. अजून.” पुन्हा मळलं. पुन्हा रेघ. तिसऱ्यांदा गोळा एकरंगी झाला तेव्हा त्यांच्या दहाही बोटांना पुटी लागली होती. दहा मी मोजली. तुझी नऊ होती, आणि तू हेच काम रेघ न ठेवता करायचीस.

पहिलं बोट त्यांनी उलटं लावलं. दीक्षा म्हणाली, “सर, उलटं आहे. निमुळतं टोक बाहेर.” त्यांनी काढून सरळ केलं. त्यांच्याच विद्यार्थिनीने त्यांना त्यांच्याच प्रयोगशाळेत दुरुस्त केलं, आणि ती हसली नाही. मीच मनात हसलो. दुसरं. तिसरं. डावा हात आठ झाला. उजव्याचं सहावं. सातवं. प्रत्येक बोट धरून त्यांना उभं राहावं लागत होतं, पुटी धरेपर्यंत. अशा वेळी माणसाला जायला जागा नसते. मला वाटलं होतं, हा तुझा सूड. तुझ्या फोटोकडे पाहिलं. त्यात तू कॅमेऱ्याकडे बघतच नव्हतीस, खाली बघत होतीस, हातातल्या कशाकडे तरी.

मग त्यांनी डबीत पाहिलं. डबी रिकामी होती.

“सहा हवीत ना?” ते सरळ उभे राहिले. आवाज परत आला होता. “ही पाच आहेत. उजव्या हाताला सातच झाली. म्हणजे एक तुमच्या बहिणीनेच हरवलं. हिशोब तुमचा चुकला, भाऊ.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दीक्षाही. तिचा चेहरा पडला होता, कारण तिलाही वाटत होतं, एक हरवलंय. मी गप्प राहिलो असतो तर ते हरवलेलंच राहिलं असतं. दोष तुझ्यावर गेला असता, आणि तू काही बोलणार नव्हतीस. तू सात वर्षं बोलली नाहीस.

मी शर्टाच्या खिशातून रुमाल काढला आणि रुमालातून बोट.

“हरवलेलं नाही,” मी म्हणालो. “माझ्याकडे होतं. तिनेच दिलं होतं. पाच तुमची आणि एक माझं, अशी तिने वाटणी केली होती. आदल्या दिवशी ती टेम्पो मागत होती, हे घरी न्यायला. मी दिला नाही. मुलीची प्रॅक्टिकल तुमच्या हातात होती. मीच म्हणालो, पाच तर पाच.”

हे सगळं मी साहेबांकडे बघून बोललो, पण ते दीक्षासाठी होतं. ती म्हणाली, “पप्पा, मला विचारलंत का? प्रत्येक वर्षी पहिली आले होते मी. मला कोणाची भीती होती?”

“नाही विचारलं.”

“आणि आत्याने मला काहीच सांगितलं नाही.”

“दोषी तिने मला धरलं होतं,” मी म्हणालो. “तुला नाही.”

पुटीचा चिमूटभर गोळा उरला होता. तो घट्ट व्हायला लागला होता. मी घाईने मळला, बुडाला लावला आणि उजव्या हाताच्या कडेला आठवं बोट बसवलं. ते जरा वाकडं बसलं. धरून उभा राहिलो. घड्याळ पाहिलं नाही. माझ्या एका बाजूला साहेब उभे होते, सातवं धरून, कारण तेही अजून धरलं नव्हतं. दोन माणसं एका प्राण्याचा हात धरून उभी. मी त्यांना माफ केलेलं नाही, ताई. तू केलं असशील तर ते तुझं. मी फक्त एवढंच पाहिलं की त्यांच्या आणि माझ्या हाताला सारखाच रंग लागला होता.

जाताना मी खालची पट्टी काढायला लावली. मॅडमनी नवीन कागद लिहिला: आठ बोटांचा आदिम चतुष्पाद. पुढचा भाग. घडवणारी: कुसुम, काल्हेर. गाव काल्हेरच लिहिलं ना, ते मी दोनदा वाचून घेतलं.

रिक्षात दीक्षा माझ्याशी बोलली नाही. अंजूर फाट्यापर्यंत नाही. मीही तिला बोलायला लावलं नाही. मला सात वर्षं लागली, तिला दोन-चार दिवस लागतील, कदाचित जास्त. ते मी मोजणार नाही. घराच्या वळणावर तिने रस्त्याकडे बघत विचारलं, “पुटी उरलीय का?”

“एक जोडी अख्खी आहे.”

“फेकू नका. मागचे पाय राहिलेत.”

फिटली: सहा बोटं. पाच विभागप्रमुखांनी दिली, एक मी. मिळाली: कुसुमला, काल्हेर.